कार्डाचा फोटो

आमच्या विट्यात म्हातारं माणूस वाकायला लागलं, ताटात अर्धी भाकरी उरायला लागली, की घरचे त्याला धुतलेले कपडे घालून माझ्याकडे आणायचे. दारातच सांगायचे, "अक्का, यांच्या कार्डाचा फोटो काढायचाय." कसलं कार्ड ते कुणी विचारायचं नाही. पेन्शनीचं म्हणा, रेशनचं म्हणा. तो फोटो हार घालायला लागणार आहे हे आणणाऱ्याला माहीत, मला माहीत, आणि स्टुलावर बसलेल्याला तर सगळ्यांच्या आधी माहीत. तरी तो विचारायचा, "कार्डाला हसलेला चालतो का गं?" मी म्हणायची, "सरकार बदललंय मामा, आता चालतो." मग तो हसायचा, आणि हसू ओसरता ओसरता माझ्याकडे असं बघायचा, की बाई, तुलाही कळलंय आणि मलाही कळलंय. त्या बघण्यावर मी बटण दाबायची.

तिघांनी मिळून खोटं बोलायचं आणि त्यातून खरा फोटो काढायचा. हे ज्याला जमतं त्याला फोटोग्राफर म्हणतात. नुसतं बटण काय, कोंबडीनं चोच मारली तरी दबतं.

मी चौथी पास. लग्न होऊन आले तेव्हा मायणी रस्त्यावर सासऱ्यांचा स्टुडिओ होता, रोल धुवायची अंधारी खोली होती, आणि मागे तळ्याचं चित्र रंगवलेला पडदा होता. स्थळाला दाखवायच्या फोटोसाठी मुली यायच्या, पण पुरुषमाणसासमोर मान वर करायच्या नाहीत. फोटोत नुसता भांग यायचा. सासऱ्यांनी वैतागून कॅमेरा माझ्या हातात दिला, तो पुन्हा कुणाच्या हातात गेला नाही.

आमचे हे चौकटी करायचे. सागवानी पट्टी, तिरका काप, कोपऱ्याच्या सांध्यात केस शिरणार नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, फोटो कुणी काढला, तर हे म्हणायचे, "आमच्यात ही बटण दाबते." उभ्या जन्मात या माणसाच्या तोंडून माझ्यासाठी फोटोग्राफर हा शब्द निघाला नाही. मीही त्यांच्या चौकटींना लाकडं म्हणायची. फिटंफाट.

यांचं नाव मी घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आमची एकुलती एक कीर्ती हसते. "आई, बँकेत विचारतात तेव्हा काय करतेस?"

"कार्ड दाखवते."

रव्याचा रंग विट्यात आणला तो या कीर्तीनंच. ती पुण्यात रंगाच्या कंपनीत होती. एका दिवाळीला आली ती डबा घेऊनच. मी झाकण उघडून बोट बुडवलं तर रंग खरखरीत, रवा कालवल्यासारखा.

"घरातल्या भिंतींना लावायचा," ती म्हणाली. "मग भिंतच फोटो काढते."

"आणि मी काय करू? पोतेरं फिरवू?"

तिनं मला समजावलं ते असं. पांढऱ्या भिंतीवर खोलीतल्या प्रत्येक वस्तूचा उजेड पडत असतो. माझ्या नाकाचा पडतो, चहाच्या कपाचा पडतो. पण सगळा एकात एक कालवला जातो, म्हणून भिंत नुसती पांढरी दिसते. कॅमेरा एका भोकातून मोजकाच उजेड आत घेतो, म्हणून तिथे कालवाकालव होत नाही. या रंगात रव्याएवढे काचेचे दाणे होते. प्रत्येक दाण्याच्या बुडाशी उजेड ओळखणारा एक कण, आणि दाणा असा घडवलेला, की त्याला फक्त एकाच दिशेचा उजेड दिसावा. एकट्या दाण्याला काही कळत नाही. कुणाला माझ्या कुंकवाचा ठिपका दिसतो, कुणाला कपाचा कान. पण एका भिंतीवर असे कोट्यवधी दाणे. ते खोलीतल्या उजेडावरच चालतात आणि जे बघतात ते मीटरशेजारच्या पेटीत साठवतात. मिसळलेल्या डाळी निवडाव्यात तसा पेटीतलं यंत्र तो उजेड निवडतं. चारी भिंतींचा निवडून झाला, की खोली जशीच्या तशी उभी राहते. मग तुम्ही त्या खोलीत कुठेही उभं राहून बघा. छतावरून बघा, दारातून बघा. कालचं बघा, मागच्या दिवाळीचं बघा. आवाज तेवढा येत नाही. भिंतीला कान असतात म्हणायचे, निघाले डोळे.

झोपायच्या खोलीत तो रंग लावायला बंदी होती, आणि पेटी उघडायला घरातल्या थोरल्या माणसाचा अंगठा लागायचा.

लोकांना वाटलं, द्वारकाअक्का आता कंपनीच्या नावानं बोटं मोडणार. मी मोडली नाहीत. रडत बसणाऱ्यातली मी नाही. सगळ्यात आधी माझ्याच घराला आणि स्टुडिओला तो रंग लावला, मग तालुक्याची एजन्सी घेतली. आमच्याकडची निम्मी तरणी माणसं गलाईच्या धंद्यात. कुणी केरळात सोनं गाळतंय, कुणी तमिळनाडूत. बारशाला येता येत नाही, साखरपुड्याला येता येत नाही. त्यांना हा रंग म्हणजे देव पावला. वर्षादोनवर्षांत कार्यालयांना लागला, बंगल्यांना लागला, देवळाच्या मंडपाला लागला. मी कॅमेरा पुसून कपाटात ठेवला आणि टेबलावर मोठा पडदा मांडून बसले. पेटीतून निवडायचं, कापायचं, छापायचं. लग्नात कुणी "इकडे बघा, इकडे बघा" म्हणत फिरणारं राहिलं नाही. मांडवात सगळे मन लावून जेवायला लागले.

नवा बोर्ड केला. सासऱ्यांचं नाव वर छोटं, खाली मोठ्या अक्षरात "द्वारका पुकाळे, फोटोग्राफर". हे रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघून आले.

"कसा दिसतोय?" मी विचारलं.

"बोर्ड चांगलाय. पण फोटो तर भिंत काढते. मग भिंतीचं नाव लिही की."

"तुमच्या पोटात दुखतंय."

"माझ्या कशाला दुखेल? मी आपला लाकडंवाला."

आणि पट्टी कापायला बसले. तो शब्द मला असा झोंबला की मी चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

भिंतीच्या फोटोत एकच अडचण होती, आणि ती मी सोडवली. कंपनीतल्या पोरांना सुचलं नव्हतं. भिंतीतल्या फोटोत कुणी तुमच्याकडे बघत नाही. बघणार कसा? समोर कुणी नव्हतंच. हार घालायच्या फोटोत म्हातारा कपाटाकडे बघतोय, हे कुणाला आवडेल? यंत्र बुबुळं फिरवून द्यायचं, पण ते देवीच्या मुखवट्याला बसवलेल्या डोळ्यांसारखं दिसायचं. मग माझ्या ध्यानात आलं, की घरातलं माणूस एका जागेकडे तासन्‌तास सरळ बघतं. टीव्हीकडे. मी पेटीत टीव्हीच्या जागी जाऊन उभी राहिले, आणि म्हातारा थेट माझ्या डोळ्यात बघायला लागला. झालं काम. विट्यातल्या हार घातलेल्या निम्म्या म्हाताऱ्यांना मी टीव्हीतून काढलंय. ते तुमच्याकडे बघत नाहीत, क्रिकेट बघतायत.

पण मग साळुंख्यांची हिराकाकू आली. नवरा जाऊन आठवडा झालेला, मुलगा कोचीहून आलेला. मी त्यांना फोटो दाखवला. मुलगा म्हणाला, "फस्क्लास. अण्णा अगदी समोर बसल्यागत."

हिराकाकू बघत राहिली. "हे बातम्या बघतानाचं तोंड आहे," ती म्हणाली.

"काकू, बघा तरी किती सरळ बघतायत तुमच्याकडे."

"माझ्याकडं बघताना असं नसायचं, बाई. माझ्याकडं बघताना आधी कपाळाला आठी पडायची." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "आठी असलेला नाही का एखादा?"

मुलगा ओशाळला. "आई, आठीचा कशाला? हाच घेऊ."

हाच घेतला. कोपऱ्यात हे तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून चौकट ठोकत होते. माणसं गेल्यावर म्हणाले, "तू काढला असतास तर आठी आली असती."

"मग म्हाताऱ्याला इथे आणायला कोचीहून मुलगा आधी यायला पाहिजे होता," मी म्हणाले. "मरण काय विचारून येतं?"

त्यांनी पुढची पट्टी उचलली. त्या महिन्यातच त्यांचं विसरणं सुरू झालं. म्हणजे माझ्या लक्षात तेव्हा आलं. साळुंख्यांचा फोटो पोचवायला गेले आणि शेजारच्या गल्लीत शिंद्यांच्या घरी देऊन आले. शिंद्यांचा म्हातारा ओट्यावर जिवंत बसलेला. त्यानं चौकट हातात घेऊन म्हणे विचारलं, "हा कोण पाहुणा?" गावभर हसं झालं. मीही हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं.

लग्नसराई होती. तीन कार्यालयांच्या पेट्या टेबलावर, डोळे पडद्याला चिकटलेले. दुपारी हे आतून आले. पांढरा सदरा, टोपी, केसाला तेल लावून चापून भांग पाडलेला. मागच्या पडद्यावरच्या तळ्याची धूळ झटकली आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसले.

"अगं, कार्डाचा फोटो काढायचाय."

"कुणाचा?"

"माझा."

मला कळलं. मला कळणार नाही तर कुणाला कळणार? आणि कळलं म्हणूनच मी मान वर केली नाही. वाटलं, याला हो म्हटलं तर ते खरं होईल. शिवाय तो बोर्डाचा काटा अजून रुतलेला होताच.

"भिंतीत आहात की हवे तेवढे," मी म्हणाले. "भिंतीचं नाव लिही म्हणाला होतात ना? मग भिंतीलाच सांगा."

ते नुसते हसले. असं मला वाटलं. मी बघितलं नव्हतं.

पुढे ते झपाट्यानं उतरत गेले. वखारीच्या वाटेवर हरवले. सकाळचा चहा दोनदा मागायचे, दुसऱ्यांदा दिला की म्हणायचे, आज उशीर केलास. सांगलीच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर सभ्य होते, आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, आधी जवळच्या गोष्टी जातात, मग नावं, मग चेहरे. हातांना जे येतं ते सगळ्यात शेवटी जातं. आणि म्हणाले, तुमच्या घरात तो रंग आहे ना, मग विसरायला कधीपासून लागले ते भिंतीत शोधा, औषध ठरवायला उपयोग होईल.

कीर्ती रजा घेऊन आली. आम्ही मायलेकी पेटी उघडून बसलो. हे विसरायला लागल्यापासून थोरली मीच, म्हणून अंगठा माझा. हे अंगणात पट्टी घासत होते, तो आवाज येत होता.

कीर्ती डॉक्टरांसाठी शोधत होती. मी दुसरंच शोधत होते. मला त्यांचा एक फोटो पाहिजे होता, माझ्याकडे बघतानाचा. टीव्हीतून नाही.

"सोपं आहे," कीर्ती म्हणाली. "तू जिथे बसतेस, तिथून बघू. तुझ्याच डोळ्यांच्या जागेवरून. अप्पा तुझ्याकडे बघतील तो क्षण यंत्र शोधून काढेल."

आणि निघाले की. इतके निघाले की कीर्तीनं मोजणं सोडलं. पट्टी कापता कापता बघतायत. जेवताना बघतायत. दारातून आत येताना बघतायत. हा माणूस माझ्याकडे इतका बघत होता, मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. मी म्हणाले, "यातला एखादा, ज्यात मीही बघतेय."

कीर्तीनं यंत्राला तसं सांगितलं. यंत्र बराच वेळ फिरलं. रंग लावल्यापासूनची सगळी वर्षं चाळली. मी मान वर करायची तेव्हा त्यांनी नजर काढून घेतलेली. त्यांनी नजर टाकली तेव्हा मी पडद्यात. दोघांची गाठ कुठे पडायची ती भाजीत मीठ जास्त झालं यावर, आणि तिथे दोघांच्याही तोंडावर कावलेपण.

मग कीर्तीला ती दुपार सापडली. पांढरा सदरा, टोपी. माझ्या जागेवरून बघितलं तर ते तळ्याच्या पडद्यासमोर बसलेले, आणि थेट माझ्याकडे बघतायत. हनुवटी जराशी खाली. मी हजार म्हाताऱ्यांना सांगितलेलं त्यांनी ऐकलेलं होतं, तसे बसलेले. मी भिंतीलाच सांगा म्हणाले असेन तेव्हा तोंडावर काहीच हललं नाही. हसले वगैरे नव्हते. उन्हाची तिरीप पडद्यावरच्या तळ्यातून सरकत होडीपर्यंत गेली तरी बसूनच होते. मग टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि उठले.

"आई," कीर्ती म्हणाली, "हा आहे की. कपडे चांगले आहेत, तुझ्याकडेच बघतायत. हाच मोठा करू."

"यात बघणारा एकटाच आहे," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"समोरचा बघत नसला, तर असं तोंड होतं. पेटी बंद कर."

तिनं केली. मग मी कपाटातून कॅमेरा काढला.

रोलचा नव्हे, नंतर घेतलेला डिजिटल, पण बॅटरी मेलेली. तसली आता कुणी बनवत नाही. कीर्तीनं पुण्यामुंबईला फोन लावले. कुणीतरी जुना माल ठेवणारा निघाला, पाठवतो म्हणाला. कीर्ती म्हणाली, तोवर फोनवर काढ. फोन समोर धरला की हे विचारायचे, "कुणाचा आहे?" आणि घेऊन कानाला लावायचे. आणि फोनला स्वतःचं शहाणपण फार. दाबायच्या आधीच सुरकुत्या पुसतो, डोळे मोठे करतो. म्हाताऱ्याचा नवरदेव करतो.

मी वाट बघत राहिले. रोज सकाळी चहा देताना विचारायची, "मी कोण?"

"द्वारकी," ते म्हणायचे. "सकाळी सकाळी डोकं फिरलंय का?"

ते ऐकलं की दिवस बरा जायचा. आज नाही आली बॅटरी तर उद्या येईल. ओळखतायत तोवर झालं. मला त्यांच्या चेहऱ्यावरची ती आठी पाहिजे होती, हिराकाकूला मिळाली नाही ती. द्वारकीकडे बघतानाची.

एका सकाळी मी कप पुढे केला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, घोट घेतला, आणि म्हणाले, "छान झालाय. तुम्ही केलात?"

तुम्ही.

मी आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. बॅटरी त्याच दिवशी दुपारी आली.

कीर्ती म्हणाली, "आई, थांबू या का? एखाद्या दिवशी ओळखतील परत. डॉक्टर म्हणाले, मधूनमधून येतं."

"उभा जन्म थांबूनच काढला," मी म्हणाले. "त्यांना आण."

मी पडदा ओला करून पुसला. तळ्याचा निळा रंग कुठे कुठे उडालेला. कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. हात आपसूक कामाला लागले. कीर्तीनं त्यांना पांढरा सदरा घातला, टोपी घातली, आणि हाताला धरून दारात आणलं. तिथे ती थांबली. मी तिला काही शिकवलं नव्हतं, पण ती या घरात वाढलेली पोर. म्हणाली, "अक्का, यांच्या कार्डाचा फोटो काढायचाय."

"या, बसा," मी म्हणाले.

ते स्टुलावर बसले. दोन्ही हात जोडले. "नमस्कार, फोटोग्राफर."

उभ्या जन्मात ज्याची वाट बघितली तो शब्द असा आला. परक्या बाईला म्हणावा तसा, वहाणा काढून आत आल्यावर म्हणावा तसा. मी म्हणाले, "नमस्कार."

भिंगातून बघितलं तर ते तळ्यातली होडी बघत होते. मी हाक मारली, "अहो."

त्यांनी मागे वळून बघितलं. कुणाच्या मालकाला हाक मारली असेल, म्हणून. कोपऱ्यात बघितलं, कीर्तीकडे बघितलं. पुन्हा "अहो" म्हटलं तर आणखीच गोंधळले. अहो या हाकेला ओ देणारा माणूस त्या स्टुलावर नव्हता. कीर्तीनं तोंड फिरवलं.

मग मी नाव घेतलं. उखाण्याशिवाय, पहिल्यांदा.

"विश्वनाथराव, इकडे बघा."

त्यांनी बघितलं.

"हनुवटी जरा खाली. हां. खांदे सैल सोडा."

"कार्डाला हसलेला चालतो का?" त्यांनी विचारलं.

"सरकार बदललंय," मी म्हणाले. "आता चालतो."

पण ते हसले नाहीत. जरा पुढे झुकले, गुपित सांगावं तसे. "बाई, नीट काढा हं. घरी दाखवायचाय. आमच्यात मंडळी स्वतः फोटोग्राफर आहे. कुणाचं काम तिला पसंत पडत नाही."

माझा एक डोळा भिंगाला होता, तो बरा होता. दुसरा मिटून घेतला.

"चांगली आहे का फोटोग्राफर?"

"तालुक्यात तसा हात नाही." असं सरळ म्हणाले, लाकडाचा भाव सांगावा तसं. "जीभ तेवढी वाईट."

"मग तिच्याकडूनच का नाही काढून घेतला?"

ते विचारात पडले. आतून काहीतरी शोधून आणावं लागत होतं. कपाळावर बारीक आठी आली.

"म्हणालो होतो," ते म्हणाले. "तिला सवड नव्हती."

मी बटण दाबलं.

कुणी म्हणेल, तेव्हा कॅमेरा सोडून पुढे जायचं, हात धरायचा, सांगायचं, मीच ती. कीर्तीनंही नंतर तेच विचारलं. पण आठी आली होती, हनुवटी जागेवर होती, आणि ते माझ्याकडे बघत होते. एवढं सगळं एका ठिकाणी पुन्हा आलं नसतं. फोटोग्राफर होते ना मी. तेवढं एकच तर मला येत होतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"तिला दाखवून पसंत असेल तरच घेणार हं," असं म्हणून ते कीर्तीच्या हाताला धरून उठले.

फोटो छापून मी ठेवून दिला होता, चार दिवस बघितला नाही. पाचव्या दिवशी बघते तर टेबलावरून नाहीसा. हे अंगणात सावलीला बसलेले, मांडीवर फोटो, बाजूला पट्टी. अंगठ्यानं माप घेत होते. डॉक्टर खरं बोलले, हात विसरत नाहीत. चारी कोपरे असे जुळवले की सांधा शोधावा लागेल. ते पूर्वी करायचे त्यातलं एकही काम मी शेजारी बसून बघितलेलं नव्हतं. त्या दिवशी पाट घेऊन बसले.

"कुणाचा हो हा?" त्यांनी विचारलं.

"एका गिऱ्हाइकाचा."

"माणूस बरा दिसतोय." काचेवर फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकानं पुसली. मग हात लांब करून फोटो निरखला, चौकटवाला निरखतो तसा, डावीकडून आणि उजवीकडून. "बघतोय कुणाकडे?"

आयुष्यात मला उत्तर सुचलं नाही असं झालेलं नाही. जीभ पुढे आणि मी मागे, असाच माझा जन्म गेला. त्या वेळी दोन उत्तरं होती. 'बायकोकडे' म्हणावंसं वाटत होतं, पण ते उत्तर आता माझं राहिलं नव्हतं.

"फोटोग्राफरकडे," मी म्हणाले.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच असा नीट बसलाय." आणि शेवटची चूक तोंडातून काढून चौथ्या कोपऱ्यात ठोकली.